बिनहाताच्या खुर्च्या : अटलांटातल्या एकटेपणाचं एक प्रकरण

दवाखान्यातल्या पहिल्या भेटीत त्याला तीनच प्रश्न विचारले गेले. सोबतीची उणीव किती वेळा जाणवते? आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं? आणि इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? 'क्वचित'ला एक गुण, 'कधीकधी'ला दोन, 'बऱ्याचदा'ला तीन. यूसीएलए विद्यापीठात १९७८ साली वीस प्रश्नांची एकटेपणाची मापनपट्टी तयार झाली, तिचं हे २००४ मधलं छोटं रूप. बेरीज तीन ते नऊच्या दरम्यान येते. सहा किंवा त्याहून जास्त आली की माणूस एकटा पडलाय असं साधारणपणे धरतात. त्याची बेरीज आठ आली.

वय ३४. मुक्काम अटलांटा, जॉर्जिया. कृष्णवर्णीय, ट्रान्स पुरुष (म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी ठरवला गेलेला पुरुष), जाड. उंची १६८ सेंटिमीटर, वजन १३२ किलो. विमानतळाजवळच्या गोदामात रात्रपाळीला पार्सलं निवडण्याचं काम. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सुरू होऊन दोन वर्षं झालेली. लहानपणापासून बॅप्टिस्ट चर्चच्या गायनवृंदात आल्टो सुरात, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत, गात होता. आवाज फुटायला लागल्यावर जाणं थांबलं. आई दर आठवड्याला फोन करते आणि जुन्या नावाने हाक मारते.

हा माणूस कुणी एक नाही. अशा लोकांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी एका आयुष्यात गुंफून हे प्रकरण रचलं आहे, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडणार नाही. त्याची मापं, गुण आणि खर्च त्या रचनेचा भाग आहेत. भोवतीचा इतिहास, वर्षं, संशोधन आणि संस्था मात्र खऱ्या आहेत. 'जाड' हा शब्दही विचार करून वापरला आहे. 'स्थूल', 'अतिवजनी' हे शब्द दवाखान्यातून आले आणि त्यांच्यात निदान आधीच भरलेलं असतं. अमेरिकेत १९६९ पासून जाड लोकांच्या हक्कांची संघटित चळवळ आहे, आणि तिने 'उंच', 'बुटका' यांच्यासारखाच साधा वर्णनाचा शब्द म्हणून हा शब्द परत घेतला आहे.

प्रत्येक दारात थोडं काढून ठेवायचं

त्याला माणसं भेटत नव्हती असं अजिबात नाही. तो माणसांत कुठे कुठे वावरला याची नोंद केली तेव्हा, सुटलेलं चर्चही धरून, सहा ठिकाणं निघाली. प्रकरणाचं मर्म त्या नोंदीत आहे, म्हणून ती सविस्तर देतो.

चर्चमध्ये तो कृष्णवर्णीय म्हणून घरचा होता. जाड असण्याचंही तिथे फारसं कुणाला वाटत नसे. जेवणाच्या टेबलाशी 'अजून घे' म्हणणाऱ्या मावश्या होत्या. ट्रान्स असणं मात्र दाराबाहेर ठेवावं लागे. न्हाव्याच्या दुकानात उलटं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांसाठी हे दुकान म्हणजे गावचा पार. शनिवारी दोन-दोन तास गप्पा चालतात, राजकारण, बास्केटबॉल, देव, बायका. त्याला तिथे पुरुष म्हणून जागा मिळाली, आणि ती जाईल या धास्तीने तो तोंड उघडेना. शिवाय न्हाव्याच्या खुर्चीचे हात मांड्यांना रुतत. पाऊण तास तो ते दुखणं सोसत बसे, कारण उठून दुसरी खुर्ची मागायची तर सगळ्या दुकानाचं लक्ष अंगावर आलं असतं.

ट्रान्स लोकांच्या आधारगटात बहुतेक गोरे, सडपातळ आणि विशीतले लोक होते. जाड लोकांच्या गटात बहुतेक गोऱ्या बायका होत्या आणि बोलणं 'आपण बायका' या सुरात चाले. डेटिंगच्या अॅपवर तर लोक आपल्या माहितीतच लिहून ठेवतात की जाड नकोत, कृष्णवर्णीय नकोत. उरलं गोदाम. तिथे तो कामाला चांगला होता. त्यापलीकडे त्याच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं.

रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. जिवाचं असं एकही माणूस नसणं हा एक, आणि आपला असा गोतावळा नसणं हा दुसरा. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. इथे दोन्ही होते. पण त्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट समजायला एक कोर्टाचा निकाल जास्त उपयोगी पडतो. काही कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्सवर भेदभावाचा दावा लावला होता, त्याचा निकाल १९७६ साली लागला. कोर्टाने वंश आणि लिंग हे दोन मुद्दे एकत्र धरायला नकार दिला. कंपनीत बायका होत्या, त्या गोऱ्या. कृष्णवर्णीय कामगार होते, ते पुरुष. दोन्ही एकदम असलेलीला कायद्याच्या लेखी जागाच नव्हती. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या निकालाची चिरफाड करून 'इंटरसेक्शनॅलिटी'चा जो विचार मांडला, तो आज जगभर शिकवला जातो. आपल्या माणसाची सहा ठिकाणांची नोंद म्हणजे त्याच निकालाची रोजची आवृत्ती. प्रत्येक खोलीत त्याचा एक भाग आत येई आणि उरलेला उंबऱ्याबाहेर चपलांसारखा पडून राही.

पहिला उपाय, आणि तो का फसला

दवाखान्याने दोन गोष्टी सुचवल्या : आधारगटात जा आणि वजन कमी कर. दोन्ही सल्ले सद्भावनेचे होते. चार महिन्यांनी त्याची बेरीज आठवरून नऊवर गेली होती.

आधी गटाचं पाहू. बैठक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बऱ्याचदा बंद. खुर्च्या हात असलेल्या, दोन हातांमध्ये जेमतेम ४५ सेंटिमीटर. तो नव्वद मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला. गटाला वाटलं, याला मिसळायचं नाही. दुसऱ्या बैठकीत 'आधी आणि नंतर'चे फोटो फिरले, सगळे सपाट छातीचे आणि सपाट पोटाचे. तिसऱ्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की लोक आपल्याला पुरुष समजायला लागले की रस्त्यावर सुरक्षित वाटतं. त्याच्याबाबतीत नेमकं उलटं घडलं होतं. दाढी आल्यापासून दुकानातले पहारेकरी त्याच्या मागे मागे फिरत, आणि रात्रपाळीहून परतताना पोलिसांची गाडी शेजारी संथ होई. कृष्णवर्णीय पुरुष तितक्याच आकाराच्या गोऱ्या पुरुषांपेक्षा लोकांना मोठे आणि जास्त धोकादायक भासतात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांमधून दिसलं आहे. एरिक गार्नर २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी गळा आवळल्यावर मेले, तेव्हा अमेरिकी संसदेच्या एका सदस्याने त्यांच्या जाडेपणाकडे बोट दाखवलं होतं. टोनी मॅकडेड हा कृष्णवर्णीय ट्रान्स पुरुष २७ मे २०२० ला फ्लोरिडातल्या टॅलाहासीत पोलिसांच्या गोळीने मेला. हे सगळं त्या खोलीत बोलायचं तर आधी समजावून सांगावं लागलं असतं, आणि समजावण्याचं काम तो बाहेर दिवसभर करतच होता. चौथ्या बैठकीला तो गेला नाही. त्याच्या फायलीत शेरा पडला : 'गटात रस नाही.' या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक कुठली असं विचारलं, तर हा शेरा. खुर्ची अपुरी पडली आणि दोष माणसाच्या नावावर चढला.

आता वजनाचं. दवाखान्यात रक्तदाब १५०/९६ भरला आणि टेस्टोस्टेरॉनची मात्रा कमी करावी लागेल असं बोलणं निघालं. त्याच्या दंडाचा घेर ४६ सेंटिमीटर. पट्टा बांधला होता नेहमीचा. रक्तदाबाच्या पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या सुमारे ऐंशी टक्के घेराभोवती यायला हवी, नाहीतर आकडा खोटा चढतो. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं : ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त येतो. योग्य पट्ट्याने त्याचा रक्तदाब १३१/८४ आला. लक्ष ठेवावं असा, पण मात्रा कापावी असा नाही. मोठा पट्टा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात होता. तो खाली आणायला सहा मिनिटं लागली.

छाती सपाट करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेला तेव्हा शल्यविशारदाच्या कार्यालयाने बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या आकड्याची) मर्यादा ४० सांगितली. त्याचा ४६.८. म्हणजे १९ किलो उतरवून या. अशा मर्यादा डॉक्टरागणिक बदलतात. कुठे ३५, कुठे ४०, कुठे त्याहून वर. जखम भरण्याचा आणि भुलीचा धोका हे कारण दिलं जातं. ते कारण खोटं नाही. वजन जास्त असताना जखमेच्या तक्रारी वाढतात. पण धोका समजावून सांगून निर्णय रुग्णावर सोपवणं आणि आकडा पाहून दारच बंद करणं, यांत फार अंतर आहे. मुळात हा आकडा बेल्जियमचे गणिती अडॉल्फ केतले यांनी १८३०च्या दशकात युरोपातल्या लोकांचा 'सरासरी माणूस' शोधताना बसवलेल्या सूत्रातून येतो. एकेका माणसाची प्रकृती तोलायला ते सूत्र केलेलंच नव्हतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी दिलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जून २०२३ मध्ये या मापाच्या मर्यादा आणि वांशिक भेदभावासाठी झालेला त्याचा वापर ठरावात नोंदवला.

त्याने सात आठवडे दिवसातून एकदाच जेवून नऊ किलो उतरवले. गोदामात दोनदा चक्कर आली. मग रात्री उठून खाणं सुरू झालं आणि पुढच्या तीन महिन्यांत बारा किलो परत चढले. असं होणं हा नियम आहे, त्याचा कमकुवतपणा नव्हे. उपाशी शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. एकटेपणाच्या दृष्टीने याहून वाईट गोष्ट वेगळीच घडली. डाएटच्या सात आठवड्यांत त्याने पाळीच्या मधल्या सुटीत सहकाऱ्यांबरोबर बसणं सोडलं, चर्चमधल्या एका मावशीचं रविवारच्या जेवणाचं आमंत्रण दोनदा नाकारलं, आणि तिने तिसऱ्यांदा बोलावलं नाही. माणसं एकत्र येतात ती बहुधा जेवायला. एकट्या माणसाला अर्धपोटी राहायला सांगताना त्याच्या उरल्यासुरल्या पंगतीही आपण उठवतो आहोत, हे सल्ला देणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

भास आणि खरं

मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांच्या संशोधनाने एक गोष्ट पुढे आणली : एकटेपणा लांबला की मेंदू सतत धोका हुंगत राहतो. समोरच्याने घड्याळाकडे पाहिलं तरी 'याला माझा कंटाळा आलाय' असं वाटतं. मग माणूस आधीच मागे सरतो, समोरचाही सरतो. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की नुसत्या ओळखी वाढवण्यापेक्षा हा विचारांचा पीळ सोडवणारे उपाय जास्त उपयोगी पडतात.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती चुकवून चालत नाही. या माणसाला वाटणारे धोके बऱ्याचदा खरेच होते. दुकानातला पहारेकरी खरोखर मागे येत होता. अशा माणसाला 'तुझे विचार तपासून बघ' असं सुरुवातीलाच सांगितलं, तर त्याला कळतं की या खोलीतही आपल्यावर विश्वास नाही. म्हणून क्रम उलटा केला. आधी खोली नीट करायची, मग विचार. वही घातली ती तीन रकान्यांची : काय घडलं, मी काय धरलं, आणि तिथे आपलं असं कोण होतं. तिसऱ्या रकान्यात पहिले सहा आठवडे एकच शब्द सापडतो : 'कोणी नाही.' भास किती आणि खरं किती हे एकट्याने ठरवता येत नाही. शेजारी बसलेलं कुणीतरी 'हो, मीही पाहिलं' किंवा 'नाही रे, तो फोनवर बोलत होता' असं म्हणणारं लागतं.

दुसरी योजना

ही योजना म्हणजे त्याच्यासारख्याच माणसांचा, एकत्र जेवणारा एक छोटा गट. आकड्यांनी सांगतो, कारण अशा कामात 'सुरक्षित वातावरण' असं म्हणून काहीच हाती लागत नाही.

जागा तळमजल्यावरची, बसथांब्यापासून पाच मिनिटांच्या आत, संडासाचं दार रुंद. खुर्च्या आठ, सर्व बिनहाताच्या, बैठक ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद, प्रत्येकीवर किमान २२५ किलो पेलण्याची कंपनीची नोंद. साध्या घडीच्या खुर्च्या बऱ्याचदा ११० ते १३५ किलोपर्यंतच्याच असतात, आणि जाड माणसाला हे माहीत असतं. तो सगळा वेळ अर्धं वजन पायांवर घेऊन बसतो आणि बोलण्याकडे त्याचं लक्ष निम्मंच असतं. खोल, मऊ सोफा नको, त्यातून उठताना फजिती होते. दोन खुर्च्यांत ६० सेंटिमीटर अंतर. आणि एक महत्त्वाची गोष्ट : सगळ्या खुर्च्या सारख्या. एकच 'खास' खुर्ची ठेवली की ती कोणासाठी आहे हे आल्या आल्या सगळ्यांना कळतं.

माणसं सहा ते आठ, सर्व कृष्णवर्णीय, सर्व ट्रान्स, बहुतेक जाड. यजमान दोन, म्हणजे एक आजारी पडला तरी बैठक रद्द होत नाही. दर पंधरवड्याला रविवारी दुपारी तीन ते साडेपाच. रविवार यासाठी की चर्च सुटलेल्या माणसाला तोच दिवस खायला उठतो. सहा महिन्यांत तेरा बैठका, आणि एकही चुकवायची नाही हा यजमानांचा शब्द. दोन माणसं आली तरी भात तेवढाच शिजतो.

जेवण आठ जणांचं : कॉलर्ड ग्रीन्स या पालेभाजीच्या चार मोठ्या जुड्या, धुराळलेल्या टर्कीच्या तुकड्यांबरोबर मंद आचेवर दीड-दोन तास, एक किलो राजमा रात्रभर भिजवून, ९०० ग्रॅम तांदूळ, मक्याच्या पावाचा एक मोठा ट्रे. खर्च ७० डॉलरच्या आसपास. प्रवासाला चौघांना जाऊन-येऊन २४ डॉलर प्रत्येकी, म्हणजे ९६. एका बैठकीचे १६६, तेरा बैठकांचे २,१५८ डॉलर. प्रवासखर्च हा चैनीचा भाग वाटतो आणि पहिल्यांदा तोच कापला जातो. तसं करू नये. २०१५ च्या अमेरिकी ट्रान्स सर्वेक्षणात २७,७१५ लोकांनी उत्तरं दिली. त्यांतल्या कृष्णवर्णीयांपैकी ३८ टक्के गरिबीत जगत होते आणि ४२ टक्के कधी ना कधी बेघर झाले होते. भाड्याला पैसे नाहीत म्हणून न आलेला माणूस तसं कधी कळवत नाही. तो नुसता येत नाही.

जेवण हा पाया धरायची कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१८ साली सुरू झालेल्या ओक्रा प्रोजेक्टने कृष्णवर्णीय ट्रान्स स्वयंपाक्यांना पैसे देऊन कृष्णवर्णीय ट्रान्स लोकांच्या घरी जेवण शिजवायला पाठवलं. त्याच्या मागे आणखी जुनी गोष्ट आहे. क्रिस्टल लाबेजा यांनी १९७२ च्या सुमारास हार्लेममध्ये पहिलं 'हाउस' उभं केलं. तिथून बॉलरूमची, म्हणजे क्वीअर आणि ट्रान्स लोकांच्या नाच-नटण्याच्या स्पर्धांची, घरं वाढत गेली, ज्यांत आई असते, मुलं असतात, आणि घरातून हाकलून दिलेल्या पोरांना आडनाव मिळतं. महाराष्ट्रात हिजड्यांची घराणी आणि गुरु-चेला नातं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल. आपल्याकडे 'मानलेली आई', 'मानलेला भाऊ' म्हणतात तसंच हे. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की मानलेल्या आईवरही भार पडतो. या गटात साठीच्या पुढच्या एक कृष्णवर्णीय ट्रान्स बाई होत्या, सगळे त्यांना 'मामा', म्हणजे आई, म्हणत. म्हणून पहिल्याच दिवशी ठरलं : मामांना फोन फक्त दुपारी बारा ते सात.

नियम चारच होते. वजन, डाएट, 'बारीक दिसतोस' हे विषय टेबलावर नाहीत. कोण किती वाढून घेतो यावर शब्द नाही. आधी-नंतरचे फोटो नाहीत. विचारल्याशिवाय मिठी नाही.

दोन बैठकांच्या मध्ये, दर बुधवारी, जोडीने दहा मिनिटांचा फोन. विषय सुचला नाही तर 'जेवलास का, झोपलास का' एवढंच. जोड्या दर चार आठवड्यांनी बदलायच्या.

दवाखान्यात एकट्याने जायचं नाही. बरोबर जाणाऱ्याच्या हातात एक कार्ड : हे नाव वापरा, दंडाला सर्वांत मोठा पट्टा लागतो, आज वजन कशासाठी हवं ते सांगा. भूल किंवा वजनावर मात्रा ठरणारं औषध असेल तर वजन करावंच लागतं. मग काट्याकडे पाठ करून उभं राहता येतं. एरवी नम्रपणे नाही म्हणता येतं. टेस्टोस्टेरॉन तो स्नायूत लांब सुईने घेत असे आणि चरबीच्या थरामुळे सुई नीट पोचते की नाही ही धास्ती होती. कातडीखाली छोट्या सुईने घेतलेली मात्रा जाड शरीरातही नीट लागू पडते हे २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. त्यात सुमारे ५० बीएमआयपर्यंतचे लोक होते. डॉक्टरांशी बोलून त्याने पद्धत बदलली आणि आठवड्याचा तो धसका गेला.

छाती दाबून सपाट करणारा बाइंडर ही वेगळी डोकेदुखी. त्याने लवकर सपाट दिसावं म्हणून दोन मापं लहान घेतला होता आणि अकरा तासांच्या पाळीत, जॉर्जियाच्या उन्हाळ्यात घालत होता. परिणाम : छातीखालच्या घडीत लाल, ओलं, वास येणारं पुरळ आणि पायऱ्या चढताना धाप. अर्ध्या लांबीचा बाइंडर जाड पोटावर गुंडाळला जातो आणि कडा रुतते. पूर्ण लांबीचा घ्यावा. माप सैल श्वासात, छातीच्या सर्वांत भरलेल्या जागी घ्यावं. दोन मापांच्या मध्ये असलो तर मोठं घ्यावं. आठ तासांच्या वर नाही, झोपेत नाही, ओझी उचलताना नाही. घडी धुऊन पूर्ण कोरडी करायची, मध्ये सुती कापडाची पट्टी. लाली पसरली तर बुरशीचं मलम, तेही डॉक्टरांना दाखवून. पाळीवर त्याने बाइंडरऐवजी घट्ट खेळाचा बनियन आणि वर सैल सदरा घालायला सुरुवात केली.

काय बिघडलं

पाचव्या बैठकीत एक नवा पाहुणा वजन उतरवण्याच्या इंजेक्शनबद्दल अर्धा तास बोलत राहिला. दोघं जण उठून बाहेर गेले. यजमानांनी औषधाला विरोध केला नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण पाहुण्याला नियम आधी फोनवर सांगायचे असं तेव्हापासून ठरलं.

२० नोव्हेंबरचा फटका मोठा होता. बॉस्टनमधल्या रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय ट्रान्स बाईच्या १९९८ मधल्या खुनानंतर, पुढच्या वर्षीपासून हा दिवस मारल्या गेलेल्या ट्रान्स लोकांचा स्मरणदिन म्हणून पाळतात. मारल्या गेलेल्यांची नावं वाचली जातात, आणि अमेरिकेतल्या यादीत कृष्णवर्णीय ट्रान्स बायकांची नावं एकामागून एक येत राहतात. गटाने नावं वाचली, मेणबत्त्या विझवल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले. त्यानंतरच्या दोन बैठकांना तो आला नाही. दुःख एकत्र उघडं केलं आणि मग प्रत्येकाला एकट्याने घरी पाठवलं, ही चूक. आता क्रम असा : आधी जेवण, मग नावं, मग गाणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला प्रत्येकाला फोन.

तिसरी चूक त्याची आणि गटाची मिळून. एका वाईट रात्री त्याने जोडीदाराला अकरा फोन केले. जोडीदार पहाटे चारपर्यंत जागला, कामावर गेला आणि आठवडाभर कुणाचाच फोन उचलेना. म्हणून फोनची शिडी केली : तीन नावं, ठरलेल्या क्रमाने, एका रात्री एकेकाला एकदाच. चौथ्या पायरीवर २०१४ पासून ट्रान्स लोकांनीच चालवलेली ट्रान्स लाइफलाइन ही मदतीची फोनसेवा. ती निवडण्याचं ठोस कारण आहे : फोन करणाऱ्याच्या संमतीशिवाय ते पोलीस पाठवत नाहीत. मदतीसाठी फोन केला आणि दारात बंदूकधारी पोलीस आले, तर त्याच्यासारख्या माणसाचा जीव त्यानेच जायचा. ती ठरावीक वेळातच चालते, म्हणून वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं.

सूर

सातव्या बैठकीत भांडी घासताना मामांनी एक जुनं भजन गुणगुणायला सुरुवात केली. त्याला पाठ होतं. तोंड उघडलं आणि सूर फाटला. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. चर्च सोडल्याचं दुःख तो तोवर देवाबद्दलचं आणि लोकांबद्दलचं समजत होता. त्यात हरवलेल्या आवाजाचंही दुःख होतं. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात, आवाज बहुधा पहिल्या वर्षात खाली येतो आणि परत वर जात नाही. बोलायला तो आवाज त्याला हवाच होता. गाताना मात्र जुनी वाट बंद झालेली आणि नवी सापडलेली नव्हती.

यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. ग्लासात चार-पाच सेंटिमीटर पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि बुडबुडे काढत मधल्या पट्टीत सूर धरायचा. रोज दहा-पंधरा मिनिटं. वरच्या सुरांचा हट्ट नाही, घसा दुखला की थांबायचं. आल्टोची ओळ एक सप्तक खाली घेऊन पाहायची. काही सूर तिथेही लागत नाहीत, ते मग बॅरिटोनच्या, म्हणजे पुरुषांच्या मधल्या पट्टीच्या, ओळीतून उचलायचे. पहिले तीन आठवडे सूर फाटतच राहिला. भांडी घासताना गाणं ठरून गेलं, कारण नळाच्या आवाजात चुकलेला सूर कुणाला टोचत नाही. दहाव्या बैठकीला त्याने दोन कडवी पूर्ण म्हटली.

याच सुमारास नॅशनल क्वीअर अँड ट्रान्स थेरपिस्ट्स ऑफ कलर नेटवर्कच्या यादीतून एक कृष्णवर्णीय समुपदेशक मिळाला. आता तीन रकान्यांच्या वहीवर खरं काम सुरू झालं, कारण तिसऱ्या रकान्यात नावं यायला लागली होती.

आजची स्थिती

बेरीज आठ, मग नऊ, तिसऱ्या महिन्यात सात, नोव्हेंबरनंतर परत आठ, सहाव्या महिन्याअखेर पाच. वजन १३५ किलो, रक्तदाब १२८/८२, मोठ्या पट्ट्याने. डेटिंगचं अॅप बंद आहे. आई अजून जुन्या नावाने हाक मारते. मात्र गेल्या दोन फोनमध्ये तिने कुठलंच नाव घेतलं नाही. न्हावी बदलला. नवा न्हावी सोमवारी, दुकान रिकामं असताना, साध्या स्टुलावर बसवून केस कापतो.

शेजारच्या राज्यात ५० पर्यंत बीएमआय घेणारा शल्यविशारद मिळाला. त्याने धोके कागदावर लिहून समजावले : जखम उसवणं, पाणी साठणं, स्तनाग्राचा कलम न धरणं. तारीख ठरली आहे. दहा दिवसांची पाळी गटाने वाटून घेतली : दोन्ही बाजूंच्या नळ्या दिवसातून दोनदा रिकाम्या करून किती मिलिलिटर निघालं ते लिहायचं, हात खांद्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, पहिले पाच दिवस रात्री एक माणूस घरात हवं. वेळापत्रकातल्या सगळ्या रात्रींपुढे नावं आहेत. दोन रात्री चर्चमधल्या त्या मावशीने घेतल्या.

झोपायचं पाठीवर, वरचं अंग ३० ते ४५ अंशांत उचलून. त्यासाठी मागे कलणारी, २२५ किलो पेलणारी, ६० सेंटिमीटर रुंद खुर्ची लागते. भाड्याने मिळणाऱ्या दोन पाहिल्या, दोन्ही अरुंद निघाल्या. शोध चालू आहे.